मुलांच्या हाती सुई-दोरा

"हाताची कामे करायला लावूनच आपल्याला खाली ठेवले, मग मुलांच्या हाती पुन्हा सुई कशाला?" असे काही बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण जातीने लादलेले काम वेगळे आणि आपल्या घरासाठी खुशीने केलेले वेगळे.

विनयपिटकात कथा आहे. कौशांबीचा राजा उदेन आनंद स्थविरांना विचारतो, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद सांगतात, जुन्या चीवरांची पांघरुणे, गाद्यांच्या खोळी, पायपुसणी करू; तीही विरली की चिखलात कालवून जमीन सारवू.

पुण्याच्या वस्त्यांत आजही आयाबाया जुन्या साड्यांची गोधडी शिवतात. कडेपासून आत धावदोरा घालत जायचा, एवढेच तंत्र. सुट्टीत मुलगा आणि मुलगी दोघांनाही शेजारी बसवा. भाजीच्या देठांचे कुंडीत खत करायला शिकवा. एखाद्या रविवारी घरची भाकरी बांधून लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे लेणी दाखवा. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कोरलेली ती हाताचीच करणी आहे.

मात्र अभ्यासाची वेळ मोडून हे नको. बाबासाहेबांनी दिलेली लेखणी आधी, सुई नंतर.