बसफेऱ्यांच्या आखणीतील प्राधान्य आणि न्याय

वाहनांच्या मार्गआखणीसंबंधीच्या विवेचनात ‘प्राधान्य’ आणि ‘न्याय’ ही पदे सामान्यतः परस्परविरोधी मानली जातात. हा विरोध कितपत खरा आहे, हे चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशाच्या उदाहरणावरून तपासून पाहावयाचे आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चंद्रपुरात दर चौरस किलोमीटरला १९३, तर गडचिरोलीत अवघी ७४ होती. तेवढ्याच अंतरात तेथे गाडीला उतारू कमी मिळणार, हे उघड आहे.

मार्गआखणीचा प्रश्न गणिती रूपात डँट्झिग व रॅम्सर यांनी १९५९ मध्ये मांडला. त्यांचे उदाहरण पेट्रोल वाहणाऱ्या ट्रकांचे होते आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवणे हे उद्दिष्ट होते. असाच बेरजेचा निकष उतारूंना लावला, तर काय होते? समजा, आगारात एका गाडीचे सहा तास शिल्लक आहेत. जवळच्या बाजारगावाच्या फेरीस एक तास लागतो व तीत ४० उतारू मिळतात. जंगलातील गावाच्या फेरीस तीन तास लागतात व १० उतारू मिळतात. सर्व वेळ बाजारगावाला दिल्यास २४० उतारूंची वाहतूक होते. दूरच्या गावाला एक फेरी दिल्यास ती १३० वर येते. या हिशेबाने दूरच्या गावाला फेरी कधीच मिळावयाची नाही.

परंतु ही बेरीज विजातीय गोष्टींची आहे. बाजारगावाची एक फेरी कमी झाली, तर तेथील माणूस पुढच्या गाडीची वाट पाहतो. दूरच्या गावाची एकमेव फेरी रद्द झाली, तर दवाखान्याचे किंवा तहसील कचेरीचे काम त्या दिवशी राहूनच जाते. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी–गर्देवाडा बस सुरू झाली, तेव्हा स्वातंत्र्यानंतर प्रथमच त्या गावी एस. टी. पोहोचली. अशा फेरीचे मोल उतारूंच्या संख्येवरून ठरविता येणार नाही.

वस्तुतः ‘प्राधान्य’ या एका शब्दात दोन अर्थ मिसळलेले आहेत : संख्येला दिलेले आणि गरजेला दिलेले. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या गाड्या शाळेच्या वेळी विद्यार्थिनींसाठी धावतात, हे दुसऱ्या प्रकारचे प्राधान्य होय. मुक्कामी गाडीची जुनी पद्धतही त्याच तत्त्वाची आहे. संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन पहाटे परतणारी गाडी तालुक्याचे काम एका दिवसात उरकणे शक्य करते. म्हणजे फेऱ्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या वेळेलाही महत्त्व आहे.

तेव्हा प्रत्येक गावाला त्याच दिवशी जाऊन परतता येईल, अशी किमान सोय प्रथम निश्चित करावी आणि उरलेल्या फेऱ्या गर्दीच्या प्रमाणात वाटाव्यात, हा क्रम ग्राह्य वाटतो. न्यायाशी विरोध येतो तो संख्येच्या प्राधान्याचा. गरजेचे प्राधान्य हे न्यायाचेच एक रूप आहे.