मत मालवणात, बहुमत मुंबईत : सरकार बनण्याविषयीचे काही गैरसमज

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत मालवणच्या बाजारपेठेत एकच प्रश्न फिरत असतो : "सरकार कोणाचा येतला?" उत्तरं देणारेही कमी नसतात. पण मतमोजणी संपली म्हणजे सरकार बनलं, असं होत नाही. दोन्हींच्या मधल्या टप्प्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

गैरसमज १ : आपण मुख्यमंत्री निवडतो.

वस्तुस्थिती : मालवण तालुका कुडाळ विधानसभा मतदारसंघात येतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी इथल्या मतदारासमोरच्या यंत्रावर फक्त या मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं, फोटो आणि चिन्हं होती आणि शेवटी 'नोटा'चं बटण. बटण दाबल्यावर सात सेकंद काचेआड दिसणाऱ्या चिठ्ठीवरही उमेदवाराचंच नाव असतं, मुख्यमंत्र्याचं नव्हे. धनुष्यबाणावर लढलेल्या निलेश राणे यांनी मशालीवर लढलेल्या वैभव नाईक यांना हरवलं, आणि मालवणच्या मतदाराचं काम तिथे संपलं.

मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात (कलम १६४). अर्थात ती मनाला येईल तशी करता येत नाही; सभागृहात ज्याच्यामागे बहुमत, त्याचीच करावी लागते. याचा अनुभव मालवणला १९९९ मध्ये आला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शिवसेनेचे नारायण राणे मुख्यमंत्री झाले. निवडणुकीत मालवणने त्यांना पुन्हा आमदार केलं, पण शिवसेनेच्या ६९ आणि भाजपच्या ५६ जागा मिळून बेरीज १२५ वरच अडली. ऑक्टोबरात विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

गैरसमज २ : सगळ्यात मोठ्या पक्षाचंच सरकार होतं.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात २८८ जागा, म्हणून बहुमताचा आकडा १४५. तो एका पक्षाने गाठावा असा नियम नाही, आणि निवडणुकीआधी युती केलेली असावी असाही नाही. १९९९ मध्ये काँग्रेस (७५) आणि राष्ट्रवादी (५८) एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र आले. २०१९ मध्ये उलट झालं. सोबत लढलेले भाजप (१०५) आणि शिवसेना (५६) निकालानंतर वेगळे झाले, आणि सर्वात मोठा पक्ष विरोधात बसला. बांद्यापलीकडे गोव्यात २०१७ साली ४० पैकी काँग्रेसला १७, भाजपला १३ जागा होत्या. तरी लहान पक्ष व अपक्षांना सोबत घेऊन मनोहर पर्रीकरांनी सरकार बनवलं.

गैरसमज ३ : राज्यपालांनी शपथ दिली की बहुमत सिद्ध झालं.

वस्तुस्थिती : बहुमताची खरी मोजणी सभागृहात होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात ठामपणे सांगितलं. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी लवकर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठराव घेण्याचा आदेश दिला, आणि त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ तारखेला शपथ घेतलेल्या उद्धव ठाकरेंनी ३० तारखेला १६९ मतांनी विश्वास जिंकला.

गैरसमज ४ : मुख्यमंत्री आमदारच असावा लागतो.

वस्तुस्थिती : शपथ घेताना तो कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसला तरी चालतं, सहा महिन्यांत विधानसभेवर किंवा विधान परिषदेवर निवडून यावं लागतं. ठाकरे मे २०२० मध्ये परिषदेवर बिनविरोध गेले. पर्रीकर ऑगस्ट २०१७ मध्ये पणजीतून पोटनिवडणूक जिंकले.

गैरसमज ५ : विधानसभेची मुदत संपली की आपोआप राष्ट्रपती राजवट येते.

वस्तुस्थिती : आधीच्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. २३ तारखेला निकाल लागला, पण शपथविधी झाला ५ डिसेंबरला. मधल्या काळात राष्ट्रपती राजवट आली नाही. नव्या आमदारांची नावं निवडणूक आयोगाने राजपत्रात प्रसिद्ध केली, की नवी विधानसभा कायद्याने अस्तित्वात येते. राजीनामा दिलेले मुख्यमंत्री नव्या शपथविधीपर्यंत काळजीवाहू म्हणून काम पाहतात. राष्ट्रपती राजवटीसाठी कलम ३५६ खाली वेगळी घोषणा लागते. २०१९ मध्ये १२ नोव्हेंबरला ती झाली होती.

गैरसमज ६ : सत्ताधारी आमदार निवडून दिला की जिल्ह्याला मंत्रिपद ठरलेलं.

वस्तुस्थिती : २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३. २०२४ मध्ये कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या तिन्ही जागा सत्तेवर आलेल्या महायुतीने जिंकल्या. तरी १५ डिसेंबरला नागपुरात झालेल्या विस्तारात शपथ मिळाली ती कणकवलीच्या नितेश राणे यांना; आधीच्या सरकारात मंत्री असलेले सावंतवाडीचे दीपक केसरकर बाहेर राहिले. जिल्हावार वाटा देण्याचं बंधन घटनेत कुठेच नाही.

गैरसमज ७ : 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते.

वस्तुस्थिती : विधानसभेला तसं नाही. 'नोटा' पहिली आली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे, तोच विजयी. हा घोळ बहुधा स्थानिक निवडणुकांमुळे होतो, कारण २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथे अशा वेळी फेरनिवडणूक घेण्याचं ठरवलं.

थोडक्यात, मतदार आमदार देतो आणि आमदार सरकार देतात. म्हणूनच आमदार निवडून आल्यावर कोणाच्या बाजूने हात वर करतो, याला इतकं महत्त्व. २००५ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडल्यावर नारायण राणे यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन काँग्रेसतर्फे मालवणातून पुन्हा कौल मागितला, आणि तो मिळवला. पक्ष बदलणारा प्रत्येक जण मतदाराकडे असा परत येतोच असं नाही. त्यामुळे प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला रस्ता, पाणी, जेटीबद्दल जरूर विचारावं. पण बहुमत अडलं तर तुम्ही कोणासोबत जाल, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. निकालानंतर ते विचारायचा अधिकार राहतो, पण मत तोवर देऊन झालेलं असतं.