सर्व्हिसिंगहून गाडी आणलीत? आधी ऑइल बघा!

गेल्या महिन्यात स्कूटर सर्व्हिसिंगला दिली होती. बिलात 'एअर फिल्टर बदलला' असं लिहिलेलं. घरी येऊन कव्हर उघडलं, तर तोच जुना, काळवंडलेला फिल्टर माझ्याकडे बघत होता! विचारल्यावर 'पोरगं विसरलं असेल साहेब' म्हणाले. असेलही. पण बिल करणारा मात्र विसरला नव्हता.

तेव्हापासून गाडी ताब्यात घेतानाच मी ऑइल तपासतो. गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं बंद. डिपस्टिक पुसून परत घालायची, बाहेर काढून बघायची. पेट्रोल गाडीत नवं ऑइल मधासारखं दिसतं. काळंकुट्ट असेल तर तिथेच विचारा. पातळी वरच्या खुणेच्या पुढेही नको, जास्त ऑइल म्हणजे चांगलं असं नसतं.

ऑइलचा डबाही बघा. बाइकचा क्लच बहुतेक वेळा ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हवं. 'एमबी' स्कूटरसाठी, ते बाइकमध्ये घातलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटरचं गिअर ऑइल वेगळं असतं, जेमतेम १००-१२० मिली, आणि सगळ्यात जास्त तेच राहून जातं.

जुने पार्ट परत मागायला लाजू नका. चांगला मेकॅनिक न मागता पिशवीत घालून देतो. तसा एखादा तुमच्या भागात असेल तर कमेंटमध्ये एरिया नक्की सांगा.