संघाची थैली आणि खेळाडूचें मोल

नाशिक रोड हें नोटांचें गांव. येथील करन्सी नोट प्रेस १९२८ सालीं सुरू झाली, व तेव्हांपासून देशभर फिरणाऱ्या चलनाशीं आमच्या गांवाचें नांव जोडलें गेलें. परंतु यंत्र दारीं आहे म्हणून नोटा वाटेल तितक्या छापावयाच्या नसतात, हें येथील लहान मुलासही ठाऊक असतें. किती छापावयाच्या तें आधीं ठरतें, मग यंत्र फिरतें. खेळाच्या जगांतही अशीच एक मर्यादा आहे, आणि तिच्याविषयीं मात्र आम्हां विद्यार्थ्यांत फारच थोडी माहिती आढळते. मधल्या सुट्टींत ‘अमक्याला दोन कोटी मिळाले’ अशी चर्चा मोठ्या उत्साहानें चालते. पण दोनच कां, चार कां नाहींत, आणि त्याच मैदानावर तितकाच घाम गाळणाऱ्या दुसऱ्या गड्यास नऊच लाख कां, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

उदाहरणासाठीं आम्ही आपल्याच मातींतला खेळ घेतों. प्रो कबड्डी लीग ही व्यावसायिक स्पर्धा २०१४ सालीं सुरू झाली. तींत महाराष्ट्राचे दोन संघ आहेत. मुंबईचा यू मुंबा व पुण्याचा पुणेरी पलटण. या स्पर्धेंत खेळाडू लिलावानें घेतले जातात. परंतु लिलावास बसण्यापूर्वींच प्रत्येक संघाच्या हातीं सारख्याच रकमेची थैली दिलेली असते. ही थैली २०१८ सालीं ४ कोटी रुपयांची होती, २०१९ सालीं ती ४ कोटी ४० लाखांची झाली, आणि २०२३ पासून २०२५ पर्यंतच्या तिन्ही लिलावांत ती ५ कोटींची होती. एवढ्या रकमेंत किमान १८ व कमाल २५ गड्यांचा संघ उभा करावयाचा. संघाचा धनी साक्षात् कुबेर असला, तरी खेळाडूंच्या मोबदल्यापायीं त्यास थैलीबाहेरची एक पैही खर्च करतां येत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें नियमाच्या रूपानेंच उभी आहे.

असा नियम कशासाठीं? बाजारांत शेजारचें दुकान बंद पडलें तर दुकानदारास लाभच होतो. खेळाचें तसें नाहीं. समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नसेल तर सामनाच उरत नाहीं, आणि सामना नसेल तर प्रेक्षक कशाला येईल? धनवान संघानें सारे नामांकित चढाईपटू व पकडी करणारे एकत्र केले, तर निकाल मैदानाबाहेरच लागावयाचा. थैलीची मर्यादा ही आपत्ति बऱ्याच अंशीं टाळते. २०१४ पासून २०२५ पर्यंत या स्पर्धेचे १२ हंगाम झाले व त्यांत ८ निरनिराळ्या संघांनीं विजेतेपद मिळविलें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

परंतु या मर्यादेचा परिणाम एवढ्यावर थांबत नाहीं. पंगतीसाठीं पातेलें एकच असलें म्हणजे एका पानावर अधिक वाढलेलें दुसऱ्या पानावर कमी पडतेंच. २०२३ च्या लिलावांत तेलुगू टायटन्स संघानें पवन सेहरावत यास २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांस घेतलें. म्हणजे थैलीचा निम्म्याहून अधिक भाग एकाच नांवापुढें गेला. उरलेल्या २ कोटी ३९ लाख ५० हजारांत किमान १७ गडी मिळवावयाचे. हिशेब केला तर माणशीं सरासरी १४ लाख रुपये पडतात. त्या हंगामांत हा संघ २२ सामन्यांपैकीं केवळ २ जिंकूं शकला व तक्त्यांत अगदीं तळाशीं राहिला. थोर खेळाडू होता. परंतु कबड्डींत एका बाजूस सात गडी लागतात!

आतां दुसरी बाजू पाहा. त्याच लिलावांत पुणेरी पलटणनें इराणचा अष्टपैलू खेळाडू मोहम्मदरझा शादलू यास २ कोटी ३५ लाखांस घेतलें. थैलीचे शंभरांतील ४७ भाग येथेंही एकावरच गेले. असें असूनही १ मार्च २०२४ रोजीं हाच संघ हरियाणा स्टीलर्सचा २८ विरुद्ध २५ गुणांनीं पराभव करून विजेता ठरला. यशापयशाचा सारा भार थैलीवर टाकणें योग्य होणार नाहीं. परंतु दोन संघांतील एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. पुण्याच्या संघानें आधींच्या हंगामांपासून तरुण मुलें जोपासलीं होतीं. त्याचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्याचा. तो २०२१ सालीं लिलावांतून नव्हे, तर नवोदित खेळाडू म्हणून संघांत आला होता. आमच्या नाशिक जिल्ह्याचा चढाईपटू आकाश शिंदे हाही त्या विजयी संघांत होता.

हा ‘नवोदित’ वर्ग म्हणजे या नियमांतील फार महत्त्वाचा भाग होय. अशा मुलांची बोली लागत नाहीं. संघ त्यांना ठरीव मोबदल्यावर, बहुधा एकाहून अधिक हंगामांकरितां, करारबद्ध करतो. मुलगा चमकला तर त्याच्या खेळाचें मोल बाजारांत अनेक पटींनीं वाढतें. परंतु करार संपेपर्यंत त्याच्या हातीं जुनाच दर पडतो. मधला फरक संघाच्या थैलींत शिल्लक राहतो, व त्या शिलकेंतूनच मोठ्या खेळाडूची कोट्यवधींची बोली भरतां येते. २०२२ सालीं तमिळ थलैवाज संघानें पवन सेहरावत यासच २ कोटी २६ लाखांस घेतलें होतें. पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला, व सुमारें अर्ध्या थैलीचा हा खेळाडू उभा हंगाम बाहेर बसला. तरीही तो संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोंचला, कारण नरेंदर नांवाच्या एका नवोदित चढाईपटूनें पदार्पणांतच २०० हून अधिक गुण मिळविले. लिलावांतील मोठ्या आंकड्याखालीं अशा अल्प मोबदल्याच्या तरुणांचा पाया असतो.

मधल्या फळीची स्थिति याहून चमत्कारिक असते. २०२५ च्या लिलावांत खेळाडूंचे चार वर्ग होते, व त्यांच्या आरंभींच्या किमती अनुक्रमें ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये होत्या. नामांकितांची बोली आधीं होते. तोंवर थैल्या भरलेल्या असतात. ज्याचें नांव मागाहून पुकारलें जातें, त्याच्या वेळीं त्या हलक्या झालेल्या असतात. अशा वेळीं अनुभवी, विश्वासू परंतु फारसा न चमकणारा गडी आरंभींच्याच किमतीवर जातो, किंवा त्याच्यावर कोणी बोलीच लावीत नाहीं. त्याचें कौशल्य कमी झालेलें नसतें; थैलींतील जागा संपलेली असते.

याच कारणानें मोठ्या खेळाडूंचा मुक्कामही वरचेवर बदलतो. ज्या शादलूनें पुण्यास विजय मिळवून दिला, तो पुढच्याच वर्षीं, २०२४ सालीं, २ कोटी ७ लाखांस हरियाणा स्टीलर्सकडे गेला. तो संघही त्या वर्षीं विजेता ठरला. २०२५ सालीं गुजरात जायंट्सनें त्यास २ कोटी २३ लाखांस घेतलें. तीन वर्षांत तीन संघ! आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या सिद्धार्थ देसाईचीही अशीच कथा आहे. २०१८ सालीं यू मुंबानें त्यास ३६ लाख ४० हजारांस घेतलें. पहिल्याच हंगामांत त्यानें चढाईचे २०० हून अधिक गुण मिळविले. २०१९ सालीं तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं १ कोटी ४५ लाख मोजले. एका वर्षांत मोल जवळजवळ चौपट झालें, पण मुंबईचा संघ मात्र सुटला.

आपण घडविलेला गडी हातचा जाऊं नये म्हणून नियमांत एक सवलत ठेवलेली आहे. लिलावांत शेवटची बोली लागल्यावर खेळाडूचा जुना संघ तेवढीच रक्कम देऊन त्यास परत घेऊं शकतो. २०२५ सालीं असा करार एका किंवा दोन हंगामांसाठीं करण्याची मुभा होती. ही रक्कमही अर्थात् त्याच थैलींतून जाते. तेव्हां ‘तो आमचा आहे’ असें म्हणावयाचें, तर दुसऱ्या कोणाला तरी ‘तूं आतां आमचा नाहींस’ असें सांगावें लागतें.

हा विचार आमच्याकडे नवा असला तरी जगांत जुना आहे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, ख्रिस्ती तरुणांच्या वाय. एम. सी. ए. संस्थेच्या शाळेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें निर्माण केला. त्याच्या व्यावसायिक संघटनेनें १९४६–४७ च्या आपल्या पहिल्या हंगामांतच प्रत्येक संघावर ५५,००० डॉलरांची मर्यादा घातली होती. ती लौकरच सुटली, आणि १९८४–८५ मध्यें ३६ लाख डॉलरांवर पुन्हा आली. २०२५–२६ च्या हंगामासाठीं ती सुमारें १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. तेथील मर्यादा कांहींशी लवचीक आहे. आपल्या जुन्या खेळाडूस राखण्यासाठीं संघास ती ओलांडतां येते. मात्र फार पुढें गेल्यास जबर अधिभार भरावा लागतो व नवे खेळाडू मिळविण्याचे मार्ग आखडतात. २०२४ सालीं विजेता ठरलेल्या बॉस्टनच्या संघास याच दडपणाखालीं २०२५ सालीं त्या विजयाचे कांहीं मानकरी सोडावे लागले. शिवाय, एका खेळाडूच्या करारासही तेथें सीमा आहे. सामान्यतः नव्या पिढींतील खेळाडूस मर्यादेच्या शंभरांत २५ भागांपर्यंत, सात ते नऊ वर्षें खेळलेल्यास ३० पर्यंत, व दहा वर्षें पूर्ण केलेल्यास ३५ पर्यंत आरंभींचें वेतन मिळूं शकतें. कबड्डीच्या लिलावांत थैलीचा निम्मा भाग एकाकडे गेल्याचें आपण वर पाहिलें. बास्केटबॉलमध्यें असा प्रसंग या नियमानें सहसा येत नाहीं.

आणखी एक भेद आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेंत ही मर्यादा खेळाडूंची संघटना व संघांचे धनी समोरासमोर बसून ठरवितात, आणि खेळाच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वांटा खेळाडूंकडे जावा असा करार असतो. उत्पन्न वाढलें कीं मर्यादाही वाढते. कबड्डीची थैली मात्र स्पर्धेचे चालक ठरवितात, व तीन लिलाव ती जागची हलली नाहीं. मर्यादा असावी यांत आम्हांस शंका नाहीं. संघांची बरोबरी तिच्यामुळेंच टिकते. परंतु त्या बरोबरीची किंमत कोण देतो, हेंही पाहिलें पाहिजे. ती मुख्यत्वें ठरीव दरानें बांधलेला तरुण आणि शेवटीं पुकारला जाणारा मधल्या फळींतील गडी हे देत असतात. म्हणून थैली किती असावी हें ठरवितांना त्यांच्या बाजूनेंही कोणी बोलणें न्यायाचें होईल.

आमच्या शाळेच्या आवारांत, संध्याकाळीं अंगाला माती लावून दम घुमविणाऱ्या बंधूंपैकीं एखाद्यापुढें उद्यां असा करार येणें अशक्य नाहीं. त्यानें अवश्य खेळावें. मात्र सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत: हा करार किती हंगामांचा आहे? मला राखण्याचा अधिकार कोणाकडे व कोणत्या दरानें राहील? आणि मी दुखावलों तर माझ्या मोबदल्याचें काय? या प्रश्नांचीं उत्तरें समजण्यापुरतें गणित व भाषा त्याला वर्गांतच मिळणार आहे. तेव्हां मैदान व वर्ग या दोहोंपैकीं एकाचीही हजेरी त्यानें चुकवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.