रविवारी दुपारपर्यंत झोपून आठवड्याची झोप भरून निघते का?

आठवडाभर रात्री दीडपर्यंत रील्स, सकाळी सातला उठून कॉलेज किंवा ड्युटी आणि रविवारी थेट दुपारी बाराला उठायचं. हिशोब बरोबर झाला असं वाटतं ना? पण झोपेचं गणित जरा वेगळं आहे.

झोप कमी पडली की काय होतं?

आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यामुळे झोप येते. झोपेत ते कमी होतं. कॉफी ते काढून टाकत नाही, फक्त त्याचा सिग्नल अडवते. म्हणजे नोटिफिकेशन म्यूट केलं, मेसेज तसाच!

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही जणांना 14 दिवस रोज 6 तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांचं लक्ष इतकं घसरलं, जणू ते एक-दोन रात्री झोपलेच नव्हते. गंमत म्हणजे, त्यांना स्वतःला ते फारसं जाणवलंच नाही. म्हणून 'मला सवय आहे' म्हणत बाइक काढणं धोक्याचं आहे.

मग जेवढी गेली तेवढीच झोपायची?

नाही. 1964 मध्ये रँडी गार्डनर या 17 वर्षांच्या अमेरिकन मुलाने सलग 264 तास जागून काढले. (तुम्ही हे अजिबात करू नका!) त्यानंतर तो पहिल्यांदा झोपला तो साधारण 14 तास. मेंदू तासाला तास परत मागत नाही, तो जास्त गाढ झोपून भरपाई करतो.

पण बारापर्यंत झोपलात तर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पुन्हा तेच.

काय करायचं?

1. सुट्टीतही नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठा.
2. भरपाई रात्री करा, काही दिवस लवकर झोपून.
3. दुपारी तीनच्या आत 20 मिनिटांची डुलकी चालेल.
4. दुपारनंतर चहा-कॉफी टाळा.
5. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड, आयफोनमध्ये स्लीप फोकस लावा. फोन उशीपासून लांब चार्जिंगला ठेवा.

पुरेसं झोपूनही महिनाभर थकवा राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. आणि हे रात्री एक वाजता वाचत असाल, तर आता फोन ठेवा!