बसली, पण जुळली का?

दोस्तांनो, शाळेच्या ऑफिसात किंवा संगणक-खोलीत कोपऱ्यात घूं घूं करत रात्रंदिवस चालू असलेला एखादा संगणक तुम्ही पाहिला असेल. तो सर्व्हर! हजेरी, निकाल, ग्रंथालयाच्या नोंदी असं सगळ्यांचं काम तो एकटा सांभाळतो.

त्याची मेमरी म्हणजे त्याचं कामाचं टेबल. कपाटात वह्या कितीही असोत, एका वेळी टेबलावर मावतील तेवढ्याच उघडता येतात. काम वाढलं, की टेबल मोठं करावं लागतं. मग काय, दुकानात जायचं, मेमरीची पट्टी आणायची आणि स्लॉटमध्ये बसवायची. झालं काम!

थांबा, इतकं सोपं नाही बरं का!

आधी पाहायची पिढी. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या मेमरीच्या पिढ्या. डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. चुकीची पट्टी कुणी बसवू नये म्हणून प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी ठेवली आहे. बसत नसेल तर जोर लावू नका. ती 'मी इथली नाही' असंच सांगत असते!

पण खरी फसगत पुढे आहे. डीडीआर-४ मध्ये साधी पट्टी आणि 'रजिस्टर्ड' पट्टी यांना पिना २८८ च आणि खाचही एकाच जागी. रजिस्टर्ड पट्टीवर मधोमध एक जादा चिप असते. वर्गाचा मॉनिटर सरांची सूचना ऐकून सगळ्यांना सांगतो ना? तशी ही चिप प्रोसेसरचे हुकूम घेऊन बाकीच्या चिपांना पोचवते. त्यामुळे सर्व्हरला खूप पट्ट्या एकदम सांभाळता येतात. रजिस्टर्ड मेमरीच्या सर्व्हरमध्ये साधी पट्टी टाकली, तर ती बसते छान, पण सर्व्हर सुरूच होत नाही! दोन्ही प्रकार एकत्रही चालत नाहीत.

आता एक गणित. संगणक ३५ हा आकडा कसा लिहितो? ३२ + २ + १. आता ६४ च्या घरातलं शून्य चुकून एक झालं तर? ३५ चे झाले ९९! नापास होता होता वाचलेला मुलगा एकदम पहिला!

हसू नका. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहूनही जास्त मतं दिसू लागली. फेरमोजणी केली तेव्हा बरोबर ४,०९६ मतं जादा निघाली. दोनला दोनने गुणत गेलात, की बाराव्या घातावर हाच आकडा येतो. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असं अनुमान निघालं.

यावरचा उपाय म्हणजे ईसीसी मेमरी. डीडीआर-४ च्या अशा पट्टीत दर ६४ बिटांमागे ८ राखणदार बिट असतात. एका बिटाची चूक ते शोधून दुरुस्त करतात आणि दोन बिटांची चूक झाली तर निदान सूचना देतात. या युक्तीचा पाया रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० मध्ये मांडला. मात्र मदरबोर्ड आणि प्रोसेसर या दोघांनाही ईसीसी चालायला हवी, नाहीतर राखणदार नुसतेच बसून राहतील.

शेवटी वेग आणि जागा. ३२०० ची पट्टी २६६६ च्या शेजारी बसवली, तर सहसा दोघी २६६६ नेच चालतात. सहलीत सगळ्यांनाच हळू चालणाऱ्याबरोबर चालावं लागतं, तसं! कोणता स्लॉट आधी भरायचा, हेही ठरलेलं असतं. ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत सापडतं.

म्हणून आई-बाबा, सर, खरेदीआधी जुन्या पट्टीवरचं लेबल उतरवून घ्या आणि पुस्तिकेशी ताडून पाहा. बसवताना सर्व्हर बंद करून वायर काढायची, म्हणजे काढायचीच! मग मेमरीची चाचणी रात्रभर चालवा.

आणि दोस्तांनो, कुणी म्हणालं 'पट्टी बसली', तर तुम्ही विचारा, 'पण जुळली का?'