मिठाने गंजलेली, मिठानेच रंगवलेली

रत्नागिरीत मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आधी दारांच्या खालच्या कडांना आणि चाकांवरच्या कमानींत कुजते. छत बराच काळ तग धरतं. खाचांतला चिखल ओल धरतो, मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहत असल्याने लोखंड भराभर गंजतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून रंग आधी फुगतो, मग पोपडे सुटतात.

हे पाहिल्याशिवाय अशा गाडीच्या छोट्या प्रतिकृतीला हात घालू नये. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, साधारण ३.९ मीटर लांब. १:२४ प्रमाणात ती १६ सेंटिमीटरची होते. पोपडे ब्रशने काढायला गेलात तर गाडीला देवी आल्यासारखं दिसतं! त्यापेक्षा आधी तपकिरी रंग द्या. तो वाळला की पाण्याचा हात लावून जाडं मीठ चिकटवा, सुकल्यावर वरून गाडीचा रंग फवारा आणि मीठ चोळून काढा. खालचा ‘गंज’ उघडा पडतो, कडा अगदी खऱ्यासारख्या वेड्यावाकड्या.

शेवटचा हात जांभ्याचा. चिऱ्याची भुकटी वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशने कोपऱ्यांत बसवायची. रत्नागिरीत ती विकत आणावी लागत नाही. आणि तिचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडांचाच, म्हणजे गंजाचा भाऊबंदच.